लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात : एक चरित्ररेखा

गतवर्षीच्या वार्षिक संमेलनात गुणगौरव समारंभापूर्वी एका वक्त्यांनी लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे नाव घेतले आणि ते सँडहर्स्टचे विद्यार्थी होते, असे मोठ्या अभिमानाने सांगितले. समारंभ आटोपल्यावर एक भगिनी आमच्याकडे आल्या. त्यांचे चिरंजीव खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेची तयारी करीत होते. थोरातसाहेब मुंबईस नेमक्या कोणत्या शाळेत शिकले, असा त्यांचा प्रश्न होता; कारण सँडहर्स्ट म्हणजे भायखळा आणि मशीद यांच्या मधले रेल्वेचे स्थानक, एवढेच त्यांस ठाऊक. शेजारी उभे असलेले दोघे-तिघे हसले. आम्हांस मात्र हसू आले नाही. ते गाव कोठे आहे आणि तेथून शिकून आलेल्या या गृहस्थांनी पुढे केले काय, हे त्या भगिनीस दोन वाक्यांत सांगणे आम्हांसही साधले नाही. त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ही चरित्ररेखा वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या स्थानकाचे कोडे सोडवू. इंग्लंडच्या दक्षिण भागात बर्कशायर परगण्यात, सरे व हँपशायर या परगण्यांच्या शिवेलगत, सँडहर्स्ट नावाचे एक गाव आहे. जुन्या इंग्रजीत या नावाचा अर्थ झाडीने भरलेली वाळवट टेकडी असा होतो. १८१२ साली तेथे सैनिकी अधिकारी तयार करणारे राजविद्यालय वसले आणि गावापेक्षा विद्यालयच मोठे झाले. विल्यम रोझ मॅन्सफील्ड नावाचे एक सेनानी त्याच विद्यालयात शिकून पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झाले. १८७१ मध्ये त्यांस उमरावपद मिळाले तेव्हा त्यांनी त्या गावाचेच नाव घेतले. त्यांचे चिरंजीव दुसरे लॉर्ड सँडहर्स्ट हे १८९५ ते १९०० या काळात, म्हणजे प्लेगच्या भीषण वर्षांत, मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाने रस्ता झाला, रस्त्यावरून स्थानकास नाव पडले. रस्त्यास पुढे सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव लाभले, तरी स्थानक लोकांच्या तोंडी सँडहर्स्ट म्हणूनच रुळले. तेव्हा त्या भगिनीचा तर्क अगदीच निराधार नव्हता. एकाच गावाच्या नावाची एक शाखा मुंबईच्या लोकलगाड्यांपर्यंत पोहोचली आणि दुसरी कोल्हापूर संस्थानातील वडगावच्या एका मुलापर्यंत.

शंकररावांचा जन्म १९०६ सालचा. घराण्याचे आडनाव थोरात, आणि पाटील ही वतनाची उपाधी. आपल्याकडे पुष्कळ घराण्यांत झाले तसे या घरातही हुद्द्याचे नाव कुळनावापुढे गेले होते. वडील पांडुरंग चिमणाजी पाटील हे नामांकित शेतकीतज्ज्ञ. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले. छत्रपती शाहू महाराजांच्या राज्यात बहुजन समाजातील मुलांस शिक्षणाची दारे खुली झाली, त्या पहिल्या पिढीतले ते एक. म्हणजे शंकरराव हे नांगर सोडून थेट पलटणीत गेलेले नव्हते. शिक्षण घरात आलेले होते, आणि ते आलेले असल्यामुळेच पुढची वाट सापडली. आमच्या काही सभासदांस नांगर टाकून तलवार उचलल्याच्या कथा अधिक आवडतात; या चरित्रात तशी कथा नाही.

त्या काळी सँडहर्स्टला जाणे किती दुर्घट होते, हे आजच्या वाचकांस सांगणे अवश्य आहे. मराठा शिपाई इंग्रजांच्या सैन्यात पिढ्यान् पिढ्या होता. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आपल्या पलटणींनी रक्त सांडले. तथापि शिपाई होणे निराळे आणि बादशाही सनद मिळालेला अधिकारी होणे निराळे. सुभेदार-मेजरच्या हुद्द्यावर चढलेल्या पांढऱ्या मिशांच्या हिंदी सैनिकासही काल आलेल्या गोऱ्या पोरसवदा लेफ्टनंटच्या हुकमात राहावे लागे. १९१७ साली हिंदी मनुष्यास ही सनद मिळू शकेल असे जाहीर झाले आणि पुढील वर्षापासून साऱ्या हिंदुस्थानसाठी सँडहर्स्टमध्ये वर्षाकाठी दहा जागा ठेवण्यात आल्या. संस्थानिक, सरदार, सरकारचे मर्जीतले, पंजाबातील मोठे जमीनदार या सर्वांतून ते दहा निवडावयाचे. खर्च पालकांनी सोसावयाचा. निवड झालेल्यांपैकीही बऱ्याच जणांस परीक्षेत अपयश येऊन मध्येच परतावे लागले. पूर्वतयारीसाठी डेहराडून येथे १९२२ मध्ये एक विद्यालय निघाले, ते या गळतीकडे पाहूनच. अशा परिस्थितीत शंकररावांची निवड झाली आणि १९२६ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते सनद घेऊन बाहेर पडले.

तेथील शिक्षणाचे मर्म कवायतीत होते. नवागताचे वाडवडील कोण याची पृच्छा कवायतीच्या मैदानावर होत नसे. जोड्यावरची धूळ आणि बंदुकीचा कोन एवढेच पाहिले जाई. मात्र मैदानाबाहेर गोऱ्या सोबत्यांच्या मेळाव्यात दोन-चार हिंदी मुलांनी मिसळणे हे कवायतीहून कठीण. शंकररावांच्या वेळी विद्यालयाचे अ‍ॅडज्युटंट ब्राउनिंग नावाचे अधिकारी होते. समारोपाच्या संचलनाअखेर अ‍ॅडज्युटंटने घोड्यावर बसूनच जुन्या इमारतीच्या पायऱ्या चढून आत जावयाचे, हा तेथील सुप्रसिद्ध प्रघात त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. हेच ब्राउनिंग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आग्नेय आशियात लॉर्ड माउंटबॅटन यांचे प्रमुख सेनाधिकारी होते, आणि त्याच आघाडीवर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने नाव काढले.

सनद मिळाली तरी संशय फिटला नव्हता. गोऱ्या अधिकाऱ्यास काळ्या वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याची पाळी येऊ नये, म्हणून १९२३ पासून आठच पलटणी हिंदी अधिकाऱ्यांसाठी वेगळ्या काढण्यात आल्या. त्यांत आपल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती. शंकररावांस मात्र चौदाव्या पंजाब रेजिमेंटची पहिली पलटण मिळाली, आणि तीही त्या आठांतलीच. या एका पलटणीने काळाचे किती फाटे पाहिले! आझाद हिंद सेनेची पहिली उभारणी करणारे मोहनसिंग येथले, पुढे पाकिस्तानचे अध्यक्ष झालेले अयुबखान येथलेच आणि आमचे थोरातही येथलेच. एकाच भोजनगृहात जेवलेली ही माणसे वीस वर्षांत तीन दिशांस गेली.

यानंतरची सरहद्दीवरची व बराकींतली वर्षे आम्ही थोडक्यात आवरतो. बढती मंद गतीने होत होती. १९३२ मध्ये डेहराडून येथे हिंदी सैनिकी विद्यालय सुरू झाले आणि आपल्या मुलांचे सँडहर्स्टला जाणे जवळजवळ संपले. ज्यास सारे लोक इतकी वर्षे हिंदी सँडहर्स्ट म्हणून मागत होते, ते अखेर आपल्या भूमीवर आले. जे मूठभर लोक खुद्द विलायतेच्या सँडहर्स्टमधून आले होते, त्यांची पारख मात्र महायुद्धात व्हावयाची होती.

ती वेळ जानेवारी १९४५ च्या अखेरीस आली. ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ नावाचे गाव आहे. चिखलाच्या खाड्या, खारफुटीची दाट झाडी आणि त्यांमागे टेकड्या, असा तो मुलूख. आमच्या ठाणे जिल्ह्यातील खाडीकाठच्या वाचकांस तो डोळ्यांपुढे आणणे अवघड जाणार नाही. दक्षिणेकडे हटणाऱ्या जपानी सैन्याची वाट याच गावाजवळून जात होती, म्हणून ती तोडणे अगत्याचे होते आणि म्हणूनच जपानी ती प्राणपणाने राखीत होते. या कामी आलेल्या एक्कावन्नाव्या ब्रिगेडमध्ये तीन पलटणी होत्या आणि तिन्हींचे नायक हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. तिघेही सँडहर्स्टचे. ब्रिगेडचे मुख्य अधिकारी इंग्रज असले, तरी लढाईत तीन पलटणींचे नेतृत्व एकाच वेळी हिंदी माणसांकडे असल्याचे असे दुसरे उदाहरण त्या युद्धात नाही. हिंदी मनुष्य शूर असतो पण हुकूम देऊ शकत नाही, हा इंग्रजांचा जुना सिद्धान्त त्या चिखलात पणास लागला होता. एखादी पलटण मोडली असती तर तो एका पलटणीचा पराभव म्हणून गणला गेला नसता.

थोरातांकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण होती. सांकेतिक भाषेत मेलरोझ असे नाव दिलेली टेकडी जपान्यांनी खंदक खोदून पक्की केली होती. ती टेकडी थोरातांच्या पलटणीने चढून, संगिनी रोखून, हातघाईच्या लढाईत काबीज केली. तिन्ही नायकांस विशिष्ट सेवेचे डी. एस. ओ. हे पदक मिळाले. येथे आम्हांस एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. आपल्या सभांतून या विजयाचा उल्लेख आपल्या समाजाचा पराक्रम म्हणून होतो, आणि तसे वाटण्यात गैर नाही. परंतु थोरातांच्या मागे ती टेकडी चढणारे जवान पंजाबी मुसलमान, शीख आणि डोगरे होते. त्यांनी आपल्या नायकाचे कुळ विचारले नाही. त्यांच्या वाटणीचा मान आपण आपल्याकडे ओढून घेणे थोरातांस रुचले असते असे आम्हांस वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर मोठमोठे हुद्दे भराभर रिकामे झाले आणि वीस वर्षे रखडलेली बढती थोड्या काळात मिळाली. १९५३ मध्ये मेजर जनरल थोरातांवर एक विलक्षण काम आले. कोरियातील युद्ध थांबले होते, पण मायदेशी परत जावयास नकार देणारे चिनी व उत्तर कोरियाचे बावीस हजारांवर कैदी आणि उलट बाजूचे साडेतीनशेच्या आसपास, इतक्यांचा प्रश्न लोंबकळत होता. त्यांच्या निर्णयासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले, अध्यक्ष थिमय्या झाले. आणि कैद्यांच्या रखवालीस हिंदी सैन्य गेले, त्याचे सेनापती थोरात. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी हिंदी सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीस लागू द्यावयाचे नाही असा हेका धरला. तेव्हा बंदरातील जहाजांवरून आपल्या जवानांस हेलिकॉप्टरांनी उचलून निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथे त्यांनी तंबूंची वसाहत उभारली आणि तिचे नाव हिंदनगर ठेवले.

कैदी शस्त्रहीन होते, पण गरीब नव्हते. काटेरी तारांच्या वाड्यांत त्यांच्या संघटना होत्या, पुढारी होते, आणि मायदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्याच सोबत्यास ठार करण्याइतकी निष्ठुरता होती. २५ सप्टेंबर १९५३ रोजी अशाच एका परत जाऊ इच्छिणाऱ्या चिनी कैद्यावरून दंगा उसळला आणि मेजर ग्रेवाल या हिंदी अधिकाऱ्यास कैद्यांनी वाड्यात ओढून नेऊन डांबून ठेवले. तारेबाहेर भरलेल्या बंदुका घेऊन जवान उभे, आत आरडाओरड करणारा जमाव. गोळी झाडावी तर ग्रेवाल जिवंत परत येत नाहीत, आणि निःशस्त्र कैद्यांची कत्तल केली म्हणून हिंदुस्थानच्या नावास जगभर काळोखी. न झाडावी तर उद्या प्रत्येक वाड्यात एकेक अधिकारी ओलीस. थोरात थोड्या सहकाऱ्यांसह, हत्यार न घेता, फाटकातून आत गेले. जमावाने त्यांस घेरले. घरी आलेल्या पाहुण्यास चहातंबाखूही न विचारण्याची ही चिनी लोकांची नवी रीत केव्हापासून, अशा आशयाची कानउघाडणी त्यांनी केली, काही चेहऱ्यांवर हसू आले आणि तेढ सैलावली, असे सांगितले जाते. ग्रेवाल सुटले. गोळी सुटली नाही.

सारेच दिवस असे सरले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबरच्या आरंभी तारा मोडून बाहेर पडू पाहणाऱ्या कैद्यांवर गोळी चालवावी लागली आणि काही कैदी मृत्युमुखी पडले. तथापि १९५४ च्या आरंभी आपले सैन्य परतले तेव्हा एवढ्या आगीतून जवळजवळ न भाजता निघाल्याचे श्रेय त्यास उभय पक्षांनी दिले. थोरातांस अशोकचक्राचा दुसरा वर्ग प्राप्त झाला. याच सन्मानास १९६७ पासून कीर्तिचक्र म्हणतात. पद्मश्रीनेही ते भूषित झाले.

येथपर्यंतची कथा अनेकांनी ऐकलेली असते. पुढची थोड्यांच्या कानावर आहे, आणि आमच्या मते थोरातांचे मोठेपण तेथे आहे. मे १९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे सेनापती झाले; त्या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौस होते. ईशान्येची सरहद्द तोवर आसाम रायफल्सच्या विरळ चौक्यांवर सोपविलेली होती. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली आणि ती जबाबदारी सैन्याकडे येणार हे स्पष्ट झाले. थोरातांनी सारा मुलूख विचारात घेऊन ८ ऑक्टोबर १९५९ रोजी एक टिपण सादर केले. त्याचा इत्यर्थ असा : चिनी लोक किती सैन्य आणू शकतील आणि आपल्याजवळ काय आहे यांचा मेळ बसत नाही, अगदी सीमारेषेवरच्या चौक्या शत्रूची चाहूल देण्यापुरत्या ठेवाव्या, खरी लढाई मागे, आपला रस्ता जेथवर पोहोचतो व शत्रूची रसद जेथे ताणली जाते अशा ठिकाणी, द्यावी. शिपायास शेवटच्या शिखरावर उभे करून दाणा आणि दारूगोळा खालच्या खोऱ्यात ठेवण्यात शौर्य नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता.

सरसेनापती थिमय्यांनी ते टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याकडे नेले. मेननांस ते पटले नाही. चीन असे काही करील हे त्यांस मान्यच नव्हते. थोरात स्वस्थ बसले नाहीत. १७ मार्च १९६० रोजी लखनौस त्यांनी लाल किल्ला या नावाने एक सैनिकी अभ्यास योजला आणि चिनी सैन्य चढून आल्यास काय काय घडेल, हे वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखविले. याहून अधिक काही करणे सैनिकाच्या अधिकारात बसत नव्हते. त्यांनी वृत्तपत्रांत बोभाटा केला नाही, राजकारणी मंडळींच्या ओसऱ्या झिजविल्या नाहीत. वरिष्ठास खरे ते लेखी सांगावयाचे आणि मग हुकूम पाळावयाचा, हीच रीत त्यांनी अखेरपर्यंत धरली.

मे १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांच्या मागून थोरात यावे अशी थिमय्यांची इच्छा होती. शासनाने ज्येष्ठतेने वर असलेल्या थापर यांची नेमणूक केली. थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले. ज्येष्ठतेचा नियम पाळला गेला, म्हणून यास सरळ अन्याय म्हणता येणार नाही, पण हानी कोणाची झाली हे दीड वर्षात दिसले. पूर्व विभाग त्यांच्याकडून सेन यांच्या हाती गेला. कांगॉच्या तिघांतले हे तिसरे. त्याच वर्षाच्या अखेरीस चौक्या पुढे नेण्याचे धोरण ठरले, थोरातांच्या टिपणाच्या नेमके उलट. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्य लोटले. काही दिवसांत तवांग गेले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात से ला आणि बोमदिला पडले. लाल किल्ल्यात जे कागदावर घडले होते, ते बरेचसे त्याच क्रमाने डोंगरांत घडले. फरक एवढाच की डोंगरांत माणसे गोठत होती आणि मरत होती.

पंडित नेहरूंनी निवृत्त थोरातांस दिल्लीस बोलावून घेतले. आपले जुने टिपण पंतप्रधानांपर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, असे थोरातांस तेव्हा कळले. ते पुढे राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर सभासद झाले. मेननांच्या जागी आपले यशवंतराव चव्हाण गेले. आमच्यातील वडीलधारी मंडळी अजून सह्याद्री हिमालयाच्या मदतीस धावला असे म्हणून त्या नेमणुकीचा अभिमान मिरवितात. तो योग्यच आहे. पण त्या हिमालयाचा धोका तीन वर्षे आधी ज्याने लिहून ठेविला तोही याच सह्याद्रीचा होता, हे मात्र क्वचितच कोणी बोलते.

निवृत्तीनंतर थोरातांनी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. ज्या तरुणांनी त्यांच्यासमोर मुलाखतीस बसून पुढे मामलेदार, उपजिल्हाधिकारी म्हणून कारकीर्द केली, त्यांतील काही आमच्या भागातही नोकरीनिमित्त येऊन गेले असतील. मग ते कोल्हापुरास राहिले. आपल्या टिपणाची आणि लाल किल्ल्याची हकीगत त्यांनी सविस्तर मांडली ती आत्मचरित्रात. ते इंग्रजी पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे युद्धास चोवीस वर्षे उलटून गेल्यावर आणि तिच्यातील बहुतेक पात्रे दिवंगत झाल्यावर. नेहरू १९६४ मध्ये, थिमय्या १९६५ मध्ये, मेनन १९७४ मध्ये गेले होते. १९९२ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, शंकरराव निवर्तले.

त्या भगिनींचे चिरंजीव लेखी परीक्षेत उत्तीर्ण झाले. निवड मंडळापुढच्या पाच दिवसांच्या चाचणीत मात्र त्यांची निवड झाली नाही. वय बसत असल्याने ते पुन्हा अर्ज करणार आहेत. त्यांची धाकटी बहीणही आता प्रबोधिनीची माहिती विचारू लागली आहे. २०२२ पासून खडकवासल्याचे फाटक मुलींसही उघडले आहे आणि २०२५ मध्ये मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली आहे. या परीक्षेची जुनी पुस्तके मंडळाच्या कपाटात आहेत. ज्या सभासदांच्या घरी अशी पुस्तके पडून असतील त्यांनी ती कार्यालयात आणून द्यावी, आणि ज्यांना हवी असतील त्यांनी नोंद करून घेऊन जावी.